फुकेतमध्ये भाड्याची स्कूटर: गाडीला ४ स्टार, दुकानाला १

आधी स्कूटरचं सांगते कारण त्या बिचारीचा काही दोष नाही. १२५ सीसीची ऑटोमॅटिक, टायर नवे, ब्रेक कडक, पातोंग बीचहून करोन बीचकडे जाताना जो चढ लागतो तिथे मी आणि वहिनी दोघी बसलेल्या असून पण कुरकुरली नाही. रोजचे २५० बात (थाई चलन), ३ दिवसांचे ७५० आधीच घेतले. थायलंडमध्ये आपल्यासारखंच डावीकडून चालवतात त्यामुळे सवय व्हायला ५ मिनिटं पण लागली नाहीत. गाडीला ४. दुकानाला १, तो पण शून्य देता येत नाही म्हणून.

दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, त्या भागात अशी खूप आहेत. ओनरबाईंनी डिपॉझिट म्हणून ओरिजिनल पासपोर्ट मागितला. मी म्हटलं झेरॉक्स घ्या, वर कॅश घ्या, तर नाहीच, "पासपोर्ट ओन्ली". लायसन्स दाखवलं तर म्हणे इंग्लिशमध्ये आहे ना, नो प्रॉब्लेम, सगळे इंडियन हेच दाखवतात. खरं सांगायचं तर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं हे मला माहिती होतं, आरटीओत १००० रुपये भरले की मिळतं, वर्षभर चालतं, पण निघायच्या गडबडीत राहून गेलं, ही माझी चूक आणि ती मी दुकानावर ढकलत नाही. पण रोज हाच धंदा करणाऱ्या बाईला माहिती नसेल का हो? पासपोर्टवर १४ नंबरचा स्टिकर लावला आणि रबरबँडच्या गठ्ठ्यात टाकून ड्रॉवर बंद. वहिनी म्हणाली, "अगं, असा कोणाच्याही हातात देतात का पासपोर्ट?" मी म्हटलं, "इथे असंच चालतं वहिनी, चल." हे वाक्य ती मला अजून ऐकवते.

दुसऱ्या दिवशी करोन व्ह्यूपॉइंट बघून (तिथून तीन बीच एकदम दिसतात, जाच) प्रॉमथेप केप या भूशिरावर सूर्यास्ताला निघालो. वळणावर शंकू लावलेले, तपकिरी युनिफॉर्ममधले पोलीस, शिट्टी. साहेबांनी हाताने बाजूला घे म्हणून सांगितलं आणि मी काही बोलायच्या आत किल्ली काढून खिशात टाकली. तिथेच माझ्या पोटात गोळा आला. लायसन्स बघितलं, "इंटरनॅशनल?" मी नाही म्हणून मान हलवली. "पासपोर्ट?" मी म्हटलं दुकानात आहे. ते हसले नाहीत, रागावले पण नाहीत, दुसऱ्याला थाईमध्ये काहीतरी म्हणाले आणि आम्हाला मंडपाखाली प्लास्टिकच्या स्टुलांवर बसवलं.

मग साध्या कपड्यातला एक जण आला आणि पर्स उघडायला लावली. वहिनीचा दम्याचा पंप हातात घेऊन उलटसुलट बघत बसला. थायलंडमध्ये ई-सिगारेटवर बंदी आहे, त्याला तसलंच काहीतरी वाटलं असणार हे मला हॉटेलवर गेल्यावर सुचलं, तिथे मात्र डोकं बंद पडलं होतं. वहिनीने पंप तोंडाशी नेऊन दाखवला तेव्हा तिचा हात इतका थरथरत होता की त्याला संशय अजून वाढला असेल! तो पंप घेऊन टेबलाकडे गेला आणि ही इकडे पुटपुटत रामरक्षा म्हणतेय. कोणी ओरडलं नाही, कोणी हात लावला नाही, तरी ती ४० मिनिटं फार वाईट गेली कारण आपण कोण हे सांगायला जवळ एक कागद नाही, फक्त मोबाइलमधला फोटो, आणि खरा पासपोर्ट एका ड्रॉवरमध्ये चौदा नंबर होऊन पडलेला. दुकानाला फोन केला तर बाई म्हणाल्या, "पे फाइन, नो प्रॉब्लेम." टुरिस्ट पोलिसांचा नंबर ११५५ आहे, मला माहिती होता, पण समोर पोलीसच बसलेले असताना पोलिसांना फोन लावायची हिंमत होईना.

शेवटी पंप परत मिळाला, ५०० बात दंड, थाईमध्ये रीतसर पावती. दुकानाने दिलेल्या हेल्मेटचा क्लिप तुटका होता तो पण साहेबांनी बोटाने हलवून दाखवला, मी सकाळी बघितलाच नव्हता. गाडी चालवू देणार नाहीत म्हटल्यावर दुकानाचा पोरगा येऊन घेऊन गेला. उरलेल्या दिवसाचे पैसे? नाही.

घ्यायचीच असेल तर परमिटवर दुचाकीचा, म्हणजे ए कॅटेगरीचा शिक्का आहे ना बघा, फक्त कारचा असेल तर उपयोग नाही. "इन्शुरन्स आहे" म्हणाले तर कुठला ते विचारा, बहुतेक ठिकाणी फक्त सक्तीचा फॉ-रॉ-बॉ असतो, त्यात माणसाच्या दुखापतीचं थोडंफार मिळतं, गाडीचं काही नाही. आणि लायसन्स नसताना पडलात तर आपला ट्रॅव्हल इन्शुरन्स पण सहसा हात वर करतो. पासपोर्ट मागणाऱ्या दुकानातून सरळ बाहेर पडा, कॅश डिपॉझिटवर देणारे पण असतात.

प्रॉमथेपचा सूर्यास्त त्याच्या पुढच्या दिवशी टॅक्सीने जाऊन बघितला. पासपोर्ट मिळाला पण तो १४ चा स्टिकर पूर्ण निघालाच नाही, नखाने खरवडून खरवडून कव्हरवर चिकट डाग राहिला. परतताना एअरपोर्टवर इमिग्रेशनच्या माणसाने त्या डागावरून दोनदा अंगठा फिरवला, वर माझ्याकडे बघितलं, आणि शेजारी वहिनीने पर्समधला पंप घट्ट धरला.