झाड उचलून लावून देणारी सेवा, जळगाव : पाचपैकी तीन

रस्तारुंदीत कडुनिंब न तोडता उचलून नेतात, एवढ्यावरच दोन गुण. राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीने शहरातलं पन्नाशीचं झाड ‘हेरिटेज’ ठरलं. पण जगण्याचा हक्क वयावर मिळत असेल, तर दहा वर्षांच्या निंबाने काय करायचं? असो, कामाचं बघू. मुळांभोवतीचा मातीचा गोळा खोडाच्या व्यासाच्या आठ-दहा पट हवा, इथे जेमतेम पाचपट. गोणपाट मात्र सुतळीने घट्ट आवळलेलं, छाटलेल्या फांद्यांना बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावलेली. खड्ड्यात निव्वळ काळी माती भरली, ही मोठी चूक. पावसाळ्यात ती पाणी धरते, मुळं कुजतात. उन्हाळ्यात भेगाळते, मुळं तुटतात. निम्मा मुरूम मिसळायला सांगा. खोडाची उत्तर बाजू आधी चुन्याने खुणावून घ्या. दिशा फिरली की सावलीतली साल खान्देशच्या उन्हात भाजून निघते.