‘काम चालू आहे’ म्हणून आलेले फोटो आणि हातात पडलेला विग

कॉस्प्लेसाठी, म्हणजे कथा-खेळांतल्या पात्रांचा वेश करण्यासाठी, कोणाकडून विग, शिरस्त्राण किंवा प्रॉप करून घेणार असाल आणि समोरचा माणूस अधूनमधून कामाचे फोटो पाठवत असेल, तर हे शेवटपर्यंत वाचा. मला फसवणाऱ्या माणसाने कधी फोन बंद ठेवला नाही, कधी उर्मट उत्तर दिलं नाही. उलट तो नियमित फोटो पाठवत राहिला. त्या फोटोंच्या जोरावरच त्याने माझे पैसे घेतले आणि तक्रार करायची मुदतही खाऊन टाकली.

मला हवा होता एका योद्ध्याचा पूर्ण वेश: फोमचं चिलखत, कमरेपर्यंत रुपेरी केस, शिंगं असलेलं शिरस्त्राण. चिलखत मी घरीच करते. ईव्हीए फोम (लवचीक, स्पंजासारखी शीट) कापणं, हीट गनने तापवून गुडघ्यावर वाकवणं, दोन्ही कडांना कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह लावून ते बोटाला चिकटेनासं झालं की जोडणं, हे हातात बसलेलं काम आहे. शिवणही माझीच असते. लेस फ्रंट विगचं मात्र तसं नाही. त्यात कपाळाजवळच्या बारीक जाळीत छोट्या आकड्याने एकेक-दोनदोन केस गाठ मारून बसवतात, म्हणून केस कातडीतूनच उगवल्यासारखे दिसतात. या कामाला वेळ आणि सराव दोन्ही प्रचंड लागतात. शिरस्त्राणासाठी थ्रीडी प्रिंटर लागतो, तो माझ्याकडे नाही. म्हणून या दोन वस्तू बाहेर द्यायचं ठरवलं.

या विक्रेत्याकडून मी आधी थोडा फोम मागवला होता. तो वेळेवर आला आणि माल उत्तम होता. आता मागे वळून बघते तेव्हा ती पहिली छोटी ऑर्डर हा त्याच्या धंद्याचाच भाग होता, याबद्दल मला शंका उरलेली नाही. छोट्या व्यवहारात चोख वागायचं आणि मोठी ऑर्डर आली की हात मारायचा. त्यामुळे ‘मी याच्याकडून आधी घेतलंय, माणूस चांगला आहे’ अशी शिफारस कोणी केली, तर त्याने काय आणि किती घेतलं होतं ते आधी विचारा.

ठरलं ते असं: उष्णता सोसणाऱ्या धाग्याचा लेस फ्रंट विग, एबीएस या प्लास्टिकमध्ये थ्रीडी प्रिंटरवर छापून घासून रंगवलेलं शिरस्त्राण आणि चिलखतासाठी जास्त घनतेच्या फोमच्या शीट. मी डोक्याचा घेर, कपाळापासून मानेपर्यंतचं माप आणि कानापासून कानापर्यंतचं माप लिहून पाठवलं. निम्मे पैसे आधी त्याच्या खात्यात थेट, उरलेले काम पूर्ण झाल्यावर.

मग फोटो सुरू झाले. आधी विग बसवायच्या नकली डोक्यावर ताणून बसवलेली नुसती जाळी. नंतर त्याच जाळीवर कपाळाच्या कडेने केसांची पहिली ओळ. नंतर शिरस्त्राणाचा अर्धा भाग, त्यावर राखाडी प्रायमर. प्रत्येक फोटोच्या आधी एक अडचण असायची. धागा पुरवणाऱ्याने उशीर केला, प्रिंटरचं नोझल तुंबलं, घरात आजारपण आहे. मी काळजीने विचारपूस करायचे आणि दुसऱ्या दिवशी फोटो यायचा: “ताई, तुमचंच काम हातात आहे.”

या फोटोंनी माणूस नेमका कसा अडकतो, ते सांगते. नुसतं ‘उद्या पाठवतो’ म्हणणाऱ्यावर आपण लवकर संशय घेतो. पण जाळीवर दोन बोटं जास्त केस दिसले की काम पुढे सरकतंय असं वाटतं, आणि पुढे सरकणारं काम मध्येच मोडायचं कोणाच्याही जिवावर येतं. तिकडे तक्रारीची मुदत संपत चाललेली असते. उदाहरणार्थ, पेपालवर खरेदी म्हणून दिलेल्या पैशांबद्दल व्यवहाराच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत वाद नोंदवावा लागतो, आणि मित्र किंवा नातेवाईक म्हणून पाठवलेल्या रकमेला खरेदीदाराचं संरक्षण मिळतच नाही. कार्डाच्या बाबतीत बँकेप्रमाणे मुदत बदलते. हाताने गाठी मारायच्या विगला वेळ लागणारच, हे आपल्याला ठाऊक असतं. फसवणारा नेमका त्याचाच फायदा घेतो. म्हणून पैसे देता त्या दिवशीच ती मुदत कोणत्या तारखेला संपते ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. काम त्या तारखेच्या पुढे जाणार असेल, तर तारखेच्या आधी निर्णय घ्या, समोरचा कितीही गोड बोलत असला तरी.

संशय आला तो एका मोजपट्टीमुळे. विगच्या एका फोटोत मागे टेबलावर शिवणाची टेप पडलेली होती आणि तिच्यावरचे आकडे उलटे होते, आरशात दिसतात तसे. त्याआधी मी त्याचे फोटो इमेज सर्चमध्ये टाकून पाहिले होते, काहीच सापडलं नव्हतं. आता तोच फोटो आडवा फिरवून, म्हणजे डावं-उजवं बदलून टाकला आणि मूळ फोटो लगेच समोर आला. तो दुसऱ्याच एका कारागीर बाईंचा होता आणि बराच जुना होता. याने तो उलटा केला होता आणि कडा कापल्या होत्या, कारण कोपऱ्यात त्यांची सही होती. मग बाकीचे फोटोही तसेच तपासले. शिरस्त्राण तिसऱ्याच कोणाचं निघालं.

एकदा डोळे त्या दिशेला लागले की बाकीच्या गोष्टीही दिसायला लागतात. एका फोटोत विगचा भांग डावीकडे, पुढच्यात उजवीकडे. शिरस्त्राणाच्या एका फोटोत शिंगाचा जोड कपाळाच्या मधोमध, दुसऱ्यात कानाच्या वर. आपण स्वतः घरी काम करणारे लोक या खुणा बघू शकतो. जोड कुठे आहे, प्रिंटर थरावर थर रचतो त्या थरांच्या रेषा कोणत्या दिशेने जातात, विगचं डोकं तेच आहे का, यावर नजर ठेवा. तयार वस्तूचा चकचकीत फोटो यातलं फार काही सांगत नाही, अर्धवट कामाचा फोटो सांगतो.

मी त्या बाईंना निरोप पाठवला. त्यांनी लगेच उत्तर दिलं, न कापलेला मूळ फोटो पाठवला आणि ते काम त्यांचंच असल्याचं लिहूनही दिलं. त्यांच्या फोटोंवर पैसे गोळा करणारा तो पहिलाच माणूस नव्हता. त्यांची नाराजी मला फार लागली. महिनोन्महिने बसून केलेली गाठ न् गाठ त्यांची, आणि तिच्या नावावर दुसराच कोणीतरी लोकांना लुबाडतोय.

पण तोपर्यंत दुसरा हप्ता गेलेला होता आणि पार्सल निघालेलं होतं. ते कार्यक्रमाच्या अगदी तोंडावर आलं. हेही तो मुद्दाम करतो, असं माझं ठाम मत आहे. ऐनवेळी हातात काहीतरी पडलं की माणूस तपासत बसत नाही, घालून निघतो. आणि एकदा घातल्यावर ‘वापरलेला माल परत कसा घेऊ’ म्हणायला तो मोकळा.

विग लेस फ्रंट नव्हताच. साधा वेफ्टचा विग होता, म्हणजे केसांच्या पट्ट्या टोपीवर ओळीने शिवलेल्या, आणि पुढे जाळीची एक पट्टी गोंदाने चिकटवलेली. हे ओळखायला विग उलटा करावा लागतो. खऱ्या लेस फ्रंटमध्ये पुढच्या जाळीवर सुट्या गाठींचे बारीक ठिपके दिसतात. इथे जाळीत एकही गाठ नव्हती, तिच्या मागून शिवणीची सरळ रेघ जात होती.

धाग्याबद्दलही खोटंच सांगितलं होतं. कॉस्प्लेच्या उष्णतारोधक विगवर साधारण 180 अंश सेल्सिअसपर्यंतची खूण असते आणि मी त्याहून बरीच कमी उष्णता वापरते. कोणताही नवा विग आला की मानेजवळच्या आतल्या ओळीतून थोडे केस कापायचे आणि स्ट्रेटनर सर्वांत कमी तापमानावर ठेवून त्यांच्यावरून फिरवायचा, ही माझी सवय आहे. चांगला धागा सरळ होतो आणि मऊच राहतो. हा धागा लगेच आखडला, कुरळला आणि टोकाला कडक गोळी झाली. अशा विगवर हीट गन किंवा वाफ धरून टोकदार बटा उभ्या करायला गेलो असतो, तर अख्खा विग गेला असता. ही चाचणी खिडकी उघडी ठेवून करा, जळक्या धाग्याचा धूर नाकात जाऊ देऊ नका.

शिरस्त्राणाची चाचणी तर आणखी सोपी. एबीएस साधारण 105 अंशांच्या आसपास मऊ होतं, पीएलए हे प्रिंटरचं दुसरं प्लास्टिक मात्र 60 अंशांच्या आसपासच. म्हणून आतल्या बाजूचा, न दिसणारा छोटा तुकडा काढून सुमारे 70–80 अंशांच्या गरम पाण्यात टाकायचा. एबीएसला काही होत नाही. माझा तुकडा चिमट्यात रबरासारखा वाकला. पीएलए वाईट असतं असं नाही, कित्येक सुंदर प्रॉप त्यातच होतात. पण उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ते वाकडं होऊ शकतं, आणि मी पैसे मोजले होते ते एबीएसचे. घासकामही नव्हतं. थरांच्या रेषांवर थेट जाड रंग मारलेला, नखाने ओरखडलं की पापुद्रा निघायचा. माप तर पाहिलंच नव्हतं. फाइल होती तशी छापलेली, माझ्या डोक्यात ते शिरतच नव्हतं.

फोमचं मी वजन केलं. हा हिशोब लक्षात ठेवा, तो घरबसल्या करता येतो. एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, 10 मिलिमीटर जाड शीट म्हणजे 0.005 घनमीटर. घनता 100 किलो प्रति घनमीटर असेल तर वजन 500 ग्रॅम भरायला हवं. घनता 38 असेल तर 190 ग्रॅम. माझी शीट दोनशेच्याही खाली भरली. आधीच्या ऑर्डरमधला उरलेला तुकडा शेजारी ठेवला तर नुसत्या दाबण्यातच फरक कळत होता. हलक्या फोमवर कड तिरकी कापली की ती फाटल्यासारखी दिसते, रंग आत शोषला जातो, बोट लागलं तरी खळगा पडतो. तलवारीच्या पात्याला किंवा चिलखताच्या धारदार कडांना तो चालत नाही.

मी जाब विचारला तेव्हा आधी म्हणाला, “ताई, वाहतुकीत उन्हाने झालं असेल.” मग म्हणाला की मीच जास्त तापवलं. मूळ फोटो समोर ठेवल्यावर त्याने आपले जुने निरोप पुसायला सुरुवात केली. सुदैवाने मी सगळे निरोप, जाहिरातीतला ‘उष्णतारोधक लेस फ्रंट’ हा मजकूर आणि पैशांच्या पावत्या तारखेसकट आधीच साठवून ठेवल्या होत्या. संशय येण्याची वाट न बघता, पहिल्या दिवसापासून हे करत जा.

पहिला हप्ता थेट खात्यात गेला होता, तो परत मिळाला नाही. दुसरा मी कार्डाने दिला होता, तो मिळाला. बँकेने ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ या कारणाखाली तक्रार घेतली. जाहिरातीचा मजकूर, वितळलेल्या धाग्याचा आणि उलट्या केलेल्या विगचा फोटो, तराजूवरची शीट आणि मूळ कारागीर बाईंचं पत्र, एवढं मी जोडलं. ‘काम चांगलं नाही’ अशी तक्रार केली तर तो आवडीनिवडीचा प्रश्न ठरतो आणि समोरचा वाद घालत बसतो. ‘एबीएस सांगितलं, पीएलए दिलं’ यावर वाद घालायला जागा उरत नाही. शब्द असे निवडा की ते मोजून दाखवता येतील.

ऑर्डर देतानाही हेच करा. धागा किती अंशांपर्यंत चालेल, फोमची घनता किती, प्लास्टिक कोणतं, थराची जाडी किती, डोक्याची मापं काय, हे सगळं लेखी घ्या. फोटोऐवजी चालू व्हिडिओ कॉल मागा आणि त्यात विग उलटा करून दाखवायला सांगा. पैसे टप्प्याने द्या, आणि प्रत्येक टप्पा तुम्ही डोळ्यांनी पाहिलेल्या कामाला बांधलेला असू द्या. खरा कारागीर या मागण्यांनी चिडत नाही. सध्या मी ज्यांच्याकडून विग करून घेतेय, त्यांनी मी न विचारताच जाळीच्या आतली बाजू कॅमेऱ्यासमोर धरली आणि कुठे गाठी विरळ ठेवणार तेही समजावलं.

तो माणूस नाव बदलून पुन्हा माल विकतोय. ओळखायच्या खुणा अशा: लेस फ्रंटचे कोपरे कापलेले फोटो, ‘या महिन्यात दोनच जागा शिल्लक’ हा ठरलेला मजकूर, पहिला हप्ता थेट खात्यात देण्याचा आग्रह आणि व्हिडिओ कॉलला सतत नकार. असा फोटो दिसला तर तो उलटवून शोधा, मूळ कारागीर सापडला तर त्यांना कळवा आणि त्यांनाच तो फोटो काढायची मागणी करू द्या. आपलं काम चोरीला गेल्याची तक्रार खुद्द कारागिराकडून आली, तर ती झटकून टाकणं सोपं नसतं.