मूल घेऊन माहेरी जायचंय: सहमतीचा घटस्फोट की लढून?
सहमतीने म्हणजे हिंदू विवाह कायद्याचं कलम 13बी, आधी वर्षभर वेगळं राहिलेलं लागतं, मग सहा महिने थांबायचं, पण 2017 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर ते माफ होऊ शकतात. घरी असणाऱ्या आईला मोठा फायदा हा की मूल पुण्याहून नागपूरला नेणार, शाळा कुठली, सुट्टीत बाबांकडे किती दिवस, हे सगळं कन्सेंट टर्म्समधे, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या लेखी अटींमधे, येतं. पोटगीचा आकडाही लिहूनच घ्या प्लीज, तोंडी शब्दावर नको.

लढून वर्षं जातात. तरी नवरा काहीच देत नसेल तर मला हेच बरं वाटतं, त्याच कायद्याच्या कलम 24 खाली अंतरिम, म्हणजे केस चालू असतानाची, पोटगी मागता येते, दोघांना कमाईचं अ‍ॅफिडेव्हिट द्यावं लागतं. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडेच. फक्त केस चालू असताना कोर्टाला न विचारता मुलाला दुसऱ्या शहरात नेऊ नका गं.