ग्रांट शोधायची कार्यशाळा, नागपूर: हातात फुटेज असेल तर नक्की जा

धरमपेठेत डॉक्युमेंटरीवाल्यांसाठी शनिवार-रविवारची कार्यशाळा होते, ग्रांट कुठून मिळते आणि प्रपोजल कसं लिहायचं यावर. मागच्या बॅचला होतो मी, फी 3,500. बरेच जण विचारून राहिले कशी आहे म्हणून, तर सरळ सांगतो, पैसे वसूल आहेत पण सगळ्यांसाठी नाही. शूट थोडं तरी सुरू झालं असेल, दहा मिनिटं दाखवण्यासारखं काही हातात असेल तर जा, नुसती आयडिया असेल तर आधी कॅमेरा घेऊन निघा, कारण रविवारचा अख्खा दिवस तुमच्याच मटेरियलवर चालतो.

सगळ्यात भारी भाग शनिवारी सकाळचा, पैसा येतो कोणत्या रस्त्याने त्याचा. आपण सगळे इंटरनेटवर फंडांच्या याद्या पाहत बसतो, ॲमस्टरडॅमच्या इडफा या डॉक्युमेंटरी महोत्सवाचा बर्था फंड (1998 पासून आशिया-आफ्रिकेतल्या फिल्मांना पैसे देतो), अमेरिकेतलं सनडान्स, पण तिकडून हो आलं तर ते पैसे घ्यायचे कोणत्या खात्यात? शिकवणाऱ्या मॅडमनी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरचा केंद्र सरकारचा कायदा, इतका नीट उलगडून सांगितला की पहिल्यांदा डोक्यात शिरला. सांस्कृतिक किंवा सामाजिक कामासाठी परदेशी देणगी घ्यायची तर नोंदणी नाहीतर पूर्वपरवानगी लागते, नोंदणीसाठी संस्था 3 वर्षं जुनी पाहिजे आणि त्या काळात कामावर 15 लाख खर्च झालेले पाहिजे, आणि पैसा पहिले दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच येतो. पूर्वी ओळखीच्या एनजीओच्या खात्यात ग्रांट घ्यायची आणि तिथून आपल्याकडे वळवायची असं चालायचं, 2020 च्या दुरुस्तीने तो रस्ता बंद झाला. म्हणून लोक सहनिर्मितीचा किंवा हक्क विकण्याचा करार करतात, तो देणगी न धरता धंद्याचा व्यवहार म्हणून बसतो का हे सीएला कागद दाखवूनच ठरवायचं, हे मॅडम पुन्हा पुन्हा सांगत होत्या आणि बरोबरच आहे.

मग देशातले पर्याय. बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स, तिथे अर्ज भारतीय भाषेतही करता येतो, म्हणजे मराठीत लिहा, हे ऐकून आमच्यातले अर्धे लोक सरसावून बसले बाप्पा! कोलकात्याचं डॉकएज, जिथे फिल्म पिच करायला, म्हणजे पैसे देणाऱ्यांसमोर मांडायला शिकवतात आणि देश-विदेशातले कमिशनिंग एडिटर (चॅनलसाठी फिल्म निवडणारे) समोर बसलेले असतात. आणि मुंबईच्या मिफ या डॉक्युमेंटरी महोत्सवात 2024 ला सुरू झालेला डॉक फिल्म बाजार, जिथे फिल्मवाले आणि पैसे लावणारे भेटतात.

सीएसआरचं, म्हणजे मोठ्या कंपन्यांना कायद्याने सामाजिक कामावर जो पैसा खर्च करावा लागतो त्याचं, तर मला माहीतच नव्हतं. मी टांडापेठ-गोळीबार चौकातल्या कोष्ट्यांवर फिल्म करून राहिलो, जुने हातमागवाले, ज्यांची पोरं आता मागावर बसत नाहीत. तर कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात पारंपरिक कला आणि हस्तकलेचं काम स्पष्ट लिहिलेलं आहे, म्हणजे विणकरांच्या कामासाठी कंपनीकडे जाता येतं, पण एकट्या माणसाने नाही, आयकराची 12ए, 80जी आणि सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची सीएसआर-1 नोंदणी असलेली संस्था सोबत घेऊन. आता मी अशीच संस्था शोधून राहिलो.

रविवारी प्रपोजल फाडून काढतात, प्रेमाने पण काहीच सोडत नाहीत. भंडाऱ्याकडची एक मुलगी गोसीखुर्दच्या विस्थापितांवर करते आहे, तिच्या ट्रीटमेंटमध्ये (फिल्म पडद्यावर कशी उलगडेल ते लिहिलेली पानं) धरणाचा इतिहास होता, 1988 च्या भूमिपूजनापासून सगळा, आणि पडद्यावर काय दिसणार ते एक ओळसुद्धा नाही. मॅडमनी तिला विचारलं, सकाळी सहाला तू कोणाच्या दारात उभी आहेस? आणि ती जी बोलायला लागली, तिची आजी, बुडालेल्या गावाचं नाव अजून पत्त्यात लिहिणारा काका, ते सगळं तिथेच टाइप करायला लावलं. ग्रांटवाल्याला विषय मोठा आहे हे पटवायला दोन ओळी पुरतात, बाकी पानांत त्या माणसांपर्यंत तुमचीच पोच कशी आहे, ते तुम्हाला घरात का घेतात, हे दिसलं पाहिजे. हा एक तास मला पूर्ण फीइतका वाटला.

कमी पडलं ते बजेट. शेवटी घाईघाईत उरकलं आणि नमुना दिला तो मुंबईचा, ते दर इथे कामाचे नाहीत. वऱ्हाडी-नागपुरी बोलीची इंग्रजी सबटायटल नीट करायला वेगळा माणूस लागतो, त्याचे पैसे कुठे धरायचे? साउंड, जुन्या फुटेजचे हक्क, मे महिन्यात शूट निम्म्या वेगाने होतं त्याचे जास्तीचे दिवस, यातलं काहीच आलं नाही. एकच ग्रांट पूर्ण फिल्म क्वचितच उचलते, उरलेले पैसे कुठून येणार याचा तक्ता बहुतेक फंड मागतात, तो भरायचा सराव अर्धा दिवस तरी घ्यायला पाहिजे होता. फीडबॅकमध्ये लिहून दिलं आहे, आणि खरंच व्हावं असं वाटतं, कारण विदर्भातल्या पोरांकडे गोष्टी भरपूर आहेत, तिथे अडायला नको.

जागा ठीक, चहा-जेवण फीमध्येच. विद्यार्थी असाल किंवा तंगी असेल तर आधी फोन करून सवलत विचारा, देतात. पुढची बॅच दिवाळीनंतर आहे, प्रपोजल आठवडाभर आधी पाठवा, मराठीत असलं तरी वाचतात, आणि फुटेजवर कच्ची का होईना सबटायटल टाकून न्या.