रात्रीची राजकीय चर्चा: खासगी वाहिनीवर बघावी की सरकारी?

‘सगळेच विकले गेलेत’ म्हणून ज्यांनी टीव्ही बंद केला आहे, त्यांच्यासाठी हा मजकूर नाही. चर्चा बघायचीच आहे, रोज तासाभराहून जास्त वेळ नाही, आणि कुठे बघितली तर फसगत कमी होईल हे ठरवायचं आहे, त्यांनी पुढे वाचावं. एका बाजूला खासगी मराठी वृत्तवाहिन्यांवरची रात्रीची सहा खिडक्यांची चर्चा. दुसऱ्या बाजूला सह्याद्रीवरची किंवा हिंदी चालत असेल तर संसद टीव्हीवरची दोन-तीन पाहुण्यांची चर्चा. पक्षपाताचा आरोप दोन्हींवर होतो आणि दोन्हीकडे त्यात तथ्य आहे. फक्त तो वेगवेगळ्या जागी बसलेला असतो. खासगी वाहिनीवर तो बोलण्यात असतो, सरकारीवर तो गप्प राहण्यात असतो.

आधी वेळेचा हिशेब करू, कारण बाकीचं बरंचसं त्यातून निघतं. तासाला जाहिराती १० मिनिटं आणि वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांचे प्रोमो २ मिनिटं, यापेक्षा जास्त दाखवू नयेत असा केबल टीव्हीचा नियम आहे. तो पाळला असं धरलं तर उरतात ४८ मिनिटं. सुरुवातीचं पॅकेज (आधीच तयार करून ठेवलेली चित्रफीत), प्रस्तावना, प्रश्न आणि ‘ब्रेकनंतर बघूया’ यात एक तृतीयांश वेळ गेला, तर पाहुण्यांना मिळतात ३२ मिनिटं. पाहुणे सहा असतील तर माणशी जेमतेम सव्वापाच मिनिटं, तीही एकसलग नाहीत. आठ-दहा तुकड्यांत वाटली, तर एक तुकडा तीस-चाळीस सेकंदांचा होतो. सरकारी वाहिनीवरच्या अर्ध्या तासात दोन पाहुणे असले की सूत्रसंचालकाचा वेळ वजा करूनही माणशी दहा मिनिटांच्या आसपास मिळतात, आणि एकेक उत्तर दीड-दोन मिनिटं चालतं.

तीस सेकंदांत आरोप करता येतो. खुलासा मात्र बसत नाही.

माझ्या दृष्टीने निकाल इथेच लागतो. खासगी चर्चेतली सगळ्यात त्रासदायक गोष्ट आरडाओरडा नाही, त्याची कानाला सवय होते. त्रास होतो तो मध्येच तोडलेल्या उत्तराचा. कांद्याचं उदाहरण घेऊ. समजा विषय आहे केंद्राचं निर्यात धोरण आणि लासलगावचे भाव. सत्ताधारी पक्षाचा प्रवक्ता म्हणतो, ‘निर्यातबंदी आम्ही ४ मे २०२४ ला उठवली.’ हे खरं आहे. विरोधी प्रवक्ता सुरू करतो, ‘बंदी उठवली, मान्य आहे, पण...’ आणि तिथेच दुसरी खिडकी मोठी होते, अँकर म्हणतो, ‘म्हणजे उठवली हे तुम्ही मान्य करता?’ आणि गाडी पुढे जाते. ‘पण’च्या पुढे काय होतं? टनामागे ५५० डॉलरचं किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याखालच्या भावात माल बाहेर पाठवता येत नाही, आणि वर ४० टक्के निर्यात शुल्क. बंदी उठूनही माल का अडला, ते या दोन आकड्यांत होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्याची अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं. हे सगळं सांगायला पंचेचाळीस सेकंद पुरे होते, ते मिळाले नाहीत. घरी बसलेल्याच्या कानावर एवढंच पडलं की विरोधकाने ‘मान्य’ म्हटलं.

यात कोणी खोटं बोललं नाही, अँकरने एक शब्दही कोणाच्या बाजूने उच्चारला नाही, तरी चर्चा कलली. म्हणूनच ‘अँकर कोणाचा’ हे शोधत बसण्यापेक्षा ‘कोणाचं वाक्य कुठे तुटलं’ हे बघितलं तर जास्त कळतं.

वाहिन्यांची बाजूही सांगायला हवी, कारण प्रत्येक तुटलेलं वाक्य मुद्दाम तोडलेलं नसतं. खिडकीतला पाहुणा घरून किंवा पक्ष कार्यालयातून जोडलेला असतो. सिग्नल उपग्रहावरून येत असेल तर जवळजवळ ३६ हजार किलोमीटर वर आणि तेवढंच खाली, यात पाव सेकंद जातो. प्रश्न तिकडे जाऊन उत्तर परत यायला अर्धा सेकंद. इंटरनेटवरच्या व्हिडिओ कॉलवर नेट कमजोर असेल तर त्याहूनही जास्त. स्टुडिओत बसलेल्याला तो क्षण ‘समोरचा गप्प झाला’ असा वाटतो आणि तो तोंड घालतो. शिवाय पाहुण्याच्या कानात जाणाऱ्या आवाजातून त्याचा स्वतःचा आवाज वगळावा लागतो. ते नीट जमलं नाही तर त्याला आपलंच बोलणं उशिराने ऐकू येतं आणि तो अडखळतो. हेच प्रेक्षकाला ‘उत्तर नाही म्हणून चाचरला’ असं दिसतं. माइकचा आवाज पीसीआरमधून, म्हणजे वाहिनीच्या नियंत्रण कक्षातून, कमी-जास्त होतो, अँकरच्या हातात तो नसतो. पण एक गोष्ट तपासता येते. स्टुडिओतल्या खुर्चीवर रोज कोण आणि खिडकीत रोज कोण? एकाच बाजूचा प्रवक्ता कायम खिडकीत दिसत असेल तर तो अर्धा सेकंद रोज त्याच्याच वाट्याला येतो.

खुर्च्या किती आणि कोणाला, हा महाराष्ट्रात अलीकडे फारच अवघड झालेला प्रश्न आहे. जून २०२२ मध्ये शिवसेना आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटल्यावर मुख्य पक्षच सहा झाले. प्रत्येकाला एक खुर्ची दिली तर सत्ताधारी तीन, विरोधी तीन, वरवर अगदी समान. पण २०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. समोर उद्धव ठाकरेंची सेना २०, काँग्रेस १६, शरद पवारांची राष्ट्रवादी १०. जागांच्या प्रमाणात वेळ द्यायचा म्हटलं तर विरोधक जवळपास दिसणारच नाहीत. समान द्यायचा म्हटलं तर सत्ताधारी म्हणतील, लोकांनी दिलेला कौल कुठे गेला? आणि वंचित, मनसे, डावे, शेतकरी संघटना यांचं काय? दोन्ही तक्रारी प्रामाणिक असू शकतात.

सहा खुर्च्या पक्षांना दिल्या नाहीत तर सहसा दोन-दोन-दोन अशी मांडणी होते: दोन सत्तेतले, दोन विरोधातले आणि दोन ‘राजकीय विश्लेषक’. पडद्यावर नावासोबत ओळख लिहिलेल्या या पट्टीकडे लक्ष द्या. प्रवक्त्याचा कल उघड असतो, ऐकणारा तो वजा करूनच ऐकतो. ‘विश्लेषक’ लिहिलेल्या माणसाचं बोलणं मात्र तसं वजा होत नाही. दोघेही एकाच बाजूला झुकलेले असतील तर दोन-दोन दिसणारी चर्चा प्रत्यक्षात चार-दोन होते. एखाद्या पक्षाने प्रवक्ते पाठवणंच थांबवलं की हा घोळ वाढतो. काँग्रेसने ३० मे २०१९ ला महिनाभर प्रवक्ते न पाठवण्याचा निर्णय जाहीर केला होता, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये विरोधी आघाडीने १४ अँकरांच्या कार्यक्रमांवर बहिष्कार टाकला होता. पक्ष आला नाही तरी त्याच्या बाजूने कोणीतरी हवंच, म्हणून ‘समर्थक’ किंवा ‘विश्लेषक’ बसवला जातो. तो कच्चा निघाला तर त्या पक्षाची बाजूच कच्ची वाटते. बहिष्कार टाकणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा, असं मला वाटतं.

आता सरकारी वाहिनीचे दोष, आणि ते लहान नाहीत. दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, अंमलात आला १९९७ मध्ये. कागदावर स्वायत्तता आहे, पण पैसा सरकारकडून येतो आणि ते पडद्यावर जाणवतं. योजनेवर चर्चा असेल तर लाभार्थी किती हे विचारलं जातं, अर्ज बाद किती झाले हे क्वचितच. मंत्र्यावर आरोप झाला त्या संध्याकाळी चर्चा खरीप नियोजनावर असू शकते. पाहुणे बहुतेक निवृत्त अधिकारी, प्राध्यापक, तज्ज्ञ. विरोधी पक्षाचा आमदार समोर बसून थेट प्रश्न विचारतोय, हे दृश्य विरळाच. संसद टीव्ही सप्टेंबर २०२१ मध्ये लोकसभा आणि राज्यसभा वाहिन्या एकत्र करून सुरू झाला. तिथे विधेयकांवरची चर्चा चांगली असते, पण महाराष्ट्राचं राजकारण हवं असेल तर त्याचा फारसा उपयोग नाही.

तरीही तराजू माझ्या मते सरकारीकडे थोडा झुकतो. न विचारलेला प्रश्न दुसऱ्या दिवशीच्या पेपरात सापडतो. विषय टाळला गेला हे कळायला सकाळचं पहिलं पान पुरतं. मध्येच तोडलेलं उत्तर मात्र नंतर कुठेच मिळत नाही, आणि ते तुटलं हेसुद्धा ध्यानात राहत नाही. एका दोषाची भरपाई प्रेक्षक स्वतः करू शकतो, दुसऱ्याची नाही.

निवडणुकीच्या काळात हा फरक आणखी स्पष्ट होतो. निवडणूक आयोगाच्या योजनेनुसार दूरदर्शन आणि आकाशवाणीवर मान्यताप्राप्त पक्षांना प्रचाराचा मोफत वेळ मिळतो. ठरावीक मूळ वेळ सगळ्यांना सारखा, आणि त्यावरचा जादा वेळ मागच्या निवडणुकीतल्या कामगिरीनुसार. वर खुर्च्यांचा जो पेच सांगितला, त्यावर मला माहीत असलेला सर्वांत समंजस तोडगा हाच. याच योजनेत जास्तीत जास्त दोन पॅनेल चर्चाही घेता येतात, आणि प्रत्येक पात्र पक्ष आपला एक प्रतिनिधी स्वतः निवडून पाठवतो. त्या बघाव्यात. रंगत कमी असते, पण कोण काय म्हणालं ते पूर्ण ऐकू येतं.

दाद मागायची झाली तरी फरक आहे. खासगी वाहिनीविरुद्ध आधी वाहिनीकडेच लेखी तक्रार करावी लागते, प्रसारणापासून ७ दिवसांच्या आत. उत्तर समाधानकारक नसेल तर १४ दिवसांत एनबीडीएसएकडे, म्हणजे वृत्तवाहिन्यांच्या संघटनेच्या तक्रार यंत्रणेकडे, जाता येतं, पण वाहिनी त्या संघटनेची सदस्य असेल तरच. तक्रार फेटाळली जाण्याचं मोठं कारण म्हणजे ढोबळपणा. ‘एकतर्फी चर्चा होती’ असं लिहून काही होत नाही. तारीख, कार्यक्रमाचं नाव, मिनिट-सेकंद, उच्चारलेले शब्द आणि पडद्यावरची पट्टी जशीच्या तशी द्या. यूट्यूबवरच्या प्रतीचं शीर्षक नंतर बदलू शकतं, म्हणून त्याच रात्री स्क्रीनशॉट काढा. दंडाची कमाल मर्यादा १ लाख रुपये होती, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच ती कुचकामी असल्याचं मत व्यक्त केलं.

सरकारी वाहिनीला माहिती अधिकार लागू आहे. केंद्राच्या ऑनलाइन आरटीआय पोर्टलवर १० रुपये भरून प्रसार भारतीकडे विचारता येतं: अमुक कार्यक्रमाच्या गेल्या तीन महिन्यांतल्या भागांच्या तारखा, विषय आणि पाहुण्यांची नावं द्या. उत्तराची मुदत ३० दिवस. ‘विरोधकांना का बोलावत नाही?’ असं विचारू नका, कारणं या कायद्यात मिळत नाहीत, नोंदी मिळतात. यादी हातात आली की कल आपोआप दिसतो. खासगी वाहिनीकडून अशी यादी मिळवायचा कोणताही मार्ग नाही.

यातलं काहीच पटत नसेल तर स्वतः मोजून बघा, त्याला चार संध्याकाळी लागतात. एका कागदावर पाहुण्यांची नावं आडवी लिहा. प्रत्येकाखाली तीन नोंदी: फोनच्या स्टॉपवॉचवर मोजलेले बोलण्याचे सेकंद, किती वेळा मध्येच तोडलं, आणि तोडल्यावर उरलेलं वाक्य पूर्ण करायला परत संधी मिळाली की नाही. तिसरी नोंद सर्वांत महत्त्वाची आहे. अँकरने सगळ्यांना सारखं तोडलं आणि सगळ्यांकडे परत आला, तर तो कठोर आहे, पक्षपाती नाही. एका बाजूकडे परत येतो आणि दुसरीकडे नाही, असं चारही दिवस दिसलं तर उत्तर मिळालं. विषय चार वेगवेगळे घ्या. एकाच विषयावर मोजलं तर ज्याची बाजू त्या विषयात लंगडी, तोच जास्त अडवला गेलेला दिसेल. आणि शक्य असेल तर आपल्याला न आवडणाऱ्या पक्षाच्या नोंदी घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी करायला सांगा, कारण आपल्या माणसाला तोडलं की ते लगेच खटकतं, समोरच्याला तोडलं की लक्षातही येत नाही.

रोजच्यासाठी म्हणाल तर मी सह्याद्रीची चर्चा आणि सकाळचं एक वर्तमानपत्र सुचवेन. पण काही दिवस याला अपवाद आहेत. सरकारच अडचणीत आलेलं असेल, एखाद्या पक्षात फूट पडत असेल, बहुमत चाचणी तोंडावर असेल, तर सरकारी वाहिनीवर थांबून उपयोग नाही. त्या संध्याकाळी खासगी वाहिनी लावा, पहिला अर्धा तास वार्ताहरांचे थेट रिपोर्ट ऐका, आणि पडद्यावर सहा खिडक्या झाल्या की आवाज बंद करून पट्टीवर कोणाच्या नावापुढे काय लिहिलंय ते वाचा.