गोंदियाचा उकडा तांदूळ, नागपूर आयसीडी आणि रेल्वे: एका हंगामानंतरचा अनुभव

गेल्या हंगामापासून पश्चिम आफ्रिकेला जाणारा आमचा तांदूळ ट्रेलरने थेट न्हावा शेवा बंदरात धाडणं जवळपास बंद केलंय. मिलमधून ट्रकने नागपूर आयसीडी (बंदरापासून दूरचा, कस्टमची सोय असलेला कंटेनर डेपो), तिथेच स्टफिंग म्हणजे कंटेनरमध्ये माल भरणं आणि कस्टम, पुढे रेल्वेने बंदर आणि मग जहाज. भेटेल तो एकच विचारतो, स्वस्त पडतं का? पडतं, पण फॉरवर्डर (वाहतुकीची जुळवाजुळव करणारा एजंट) कोटेशन देताना रंगवून सांगतो तेवढं नाही. मिल ते आयसीडीचा ट्रक, हमाली, चढ-उताराचे चार्जेस हे सगळं धरलं की फरक बराच आटतो.

मला पटलेला फायदा दुसराच आहे. शिपिंग बिल (कस्टमला द्यायचा निर्यातीचा कागद) नागपुरात, तपासणी नागपुरात, निर्यातीची परवानगीही नागपुरातच. फायटोच्या (माल कीडमुक्त असल्याच्या सरकारी दाखल्याच्या) कागदात काही खुसपट निघालं किंवा सॅम्पल पुन्हा मागितलं, तर मिलचा माणूस त्याच दिवशी येऊन उभा राहतो. हेच न्हावा शेव्याला झालं तर ट्रेलर उभा ठेवल्याचं भाडं, म्हणजे हॉल्टिंग, रोजच्या रोज चढत जातं आणि आपण इकडे फोनवर हातपाय आपटत बसतो.

आता वजनाचं. वीस फुटी डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, आम्ही २६ टनांच्या आसपास भरतो. डब्याचं स्वतःचं वजन सव्वादोन टनांच्या घरात, आणि एकूण मर्यादा बहुतेक डब्यांवर ३०,४८० किलो लिहिलेली असते. रेल्वेचं भाडं वजनाच्या स्लॅबवर (टप्प्यांवर) लागतं. चार पोती जास्त गेली आणि काटा पुढच्या स्लॅबमध्ये सरकला, तर त्या चार पोत्यांचा नफा भाड्यातच जातो. म्हणून पोत्यांचा आकडा स्लॅब बघून ठरवा, डब्यात जागा किती उरली ते बघून नाही. १ जुलै २०१६ पासून व्हीजीएम (भरलेल्या डब्याचं पडताळलेलं एकूण वजन) दिल्याशिवाय डबा जहाजावर चढतच नाही, त्यामुळे काट्याची पावती तशीही लागतेच.

तक्रारीची जागा म्हणजे रेक, म्हणजे डबे नेणारी अख्खी मालगाडी. एका रेकला ४५ वॅगन, म्हणजे वीस फुटी ९० डबे. तेवढे जमेपर्यंत तुमचा डबा यार्डात बसून. त्यात न्हावा शेव्याला टर्मिनलं अनेक. रेक मिश्र, म्हणजे वेगवेगळ्या टर्मिनलांच्या डब्यांचा असला तर डबा एका टर्मिनलला उतरतो आणि तिथून ट्रॅक्टरने दुसरीकडे जातो. कसारा घाट उतरल्यावर पुढे लोकलचा मार्ग, तिथे मालगाडीला कोण पुढे सोडतंय! त्यामुळे “गाडी किती तासांत पोचते” हा प्रश्नच सोडून द्या. रेक कधी सुटणार आणि कुठल्या टर्मिनलचा, एवढं विचारा आणि जहाजाच्या कट-ऑफपासून (बंदरात डबा पोचवायच्या शेवटच्या वेळेपासून) मागे दिवस मोजा. कट-ऑफ हुकला की डबा पुढच्या जहाजावर आणि ग्राउंड रेंट (यार्डात डबा ठेवल्याचं भाडं) आपल्या माथी. ऑर्डर घाईची असेल तर मी अजूनही ट्रेलरच लावतो. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण सुरू झाल्यापासून तो मार्ग खरंच सुटसुटीत झालाय, टोल मात्र चांगलाच बसतो.

रिकाम्या डब्यांचं दुखणं वेगळं. नागपुरात आयात कमी, निर्यात जास्त. हव्या त्या शिपिंग लाइनचे (जहाज कंपनीचे) डबे कधी मिळतात, कधी बंदरावरून यायची वाट बघावी लागते. आणि मिळालेला डबा डोळे झाकून घेऊ नका. आमचा सुपरवायझर आत शिरून दोन्ही दारं लावून घेतो आणि अंधारात छताकडे, कोपऱ्यांकडे बघतो. सुईएवढा उजेड दिसला तरी डबा परत. मग खाली वाकून लाकडी फरशीचा वास घेतो. एकदा रसायनाचा असा भपकारा आला की लाइनवाल्याने स्वतः नाक दाबलं, आणि तरी “वॉश करून देतो” म्हणत होता! तांदूळ वास ओढून घेतो, तिथे धुऊन भागत नाही. शिवाय समुद्रात दिवस-रात्रीच्या तापमानाने डब्याला आतून पाणी सुटतं, म्हणून भिंतींना क्राफ्ट पेपर आणि वर ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगतो. त्यात काटकसर करू नका.

कागदपत्रांत एक मेख आहे. डबा नागपुरात रेल्वेला दिला म्हणून लगेच पैसे सुटतील असं समजू नका. एलसीत (खरेदीदाराच्या बँकेच्या पैसे देण्याच्या हमीपत्रात) “शिप्ड ऑन बोर्ड”, म्हणजे माल जहाजावर चढल्याची नोंद, मागितली असेल तर बँक जहाजावर चढल्याची तारीखच बघते, आणि रेक रखडला की ती तारीखही पुढे जाते. एलसी उघडतानाच खरेदीदाराकडून शिपमेंटची मुदत आठवडाभर जास्त मागून घ्या.

विमा गोदाम ते गोदाम घ्या. ट्रक, यार्ड, रेल्वे, बंदर, जहाज एवढ्या हातांतून गेलेलं पोतं नेमकं कुठे भिजलं हे नंतर कुणीच कबूल करत नाही. १९९३ च्या बहुविध वाहतूक (ट्रक, रेल्वे, जहाज अशा एकाहून अधिक साधनांनी होणारी वाहतूक) कायद्याखाली नोंदणी असलेला ऑपरेटर सबंध प्रवासाचं एकच दस्तऐवज देतो आणि जबाबदारीही त्याच्याकडेच राहते. आमचा आधीचा फॉरवर्डर तसा नव्हता. नवा नेमताना आम्ही दरपत्रकाआधी त्याचं नोंदणीपत्र मागितलं.