गोडो शिकायला व्हिडिओ की डिबगर? सात महिन्यांचा अनुभव

एक पैसे देऊन घेतलेला कोर्स, यूट्यूबवरचे फुकट व्हिडिओ आणि गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरच्या (इंजिनच्या) आतच मिळणारा डिबगर, म्हणजे कोडमधली चूक शोधायचं हत्यार, या तिन्हींचा रिव्ह्यू मी एकत्रच लिहितेय, कारण सात महिने हे तिन्ही एकत्रच वापरलं आणि आता छातीठोकपणे सांगू शकते की स्क्रिप्टिंग, म्हणजे गेमचा कोड लिहिणं, मला शिकवलं ते डिबगरने. व्हिडिओंनी बोट धरून दारापर्यंत आणलं, तेवढं श्रेय त्यांचं. पण व्हिडिओ बंद केल्यावर जे डोक्यात राहिलं ते सगळं लाल एरर समोर आल्यावर शिकलेलं आहे.

मी भांडुपला राहते, परळच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते, कोडिंगचं शिक्षण शून्य, एक्सेलचे फॉर्म्युले येतात तेवढेच. गुरुवारी फुलं घ्यायला दादरला उतरते आणि तिथल्या ब्रिजवर गाडी पकडायला धावणाऱ्या बायका बघून हा गेम डोक्यात आला, की हातात शेवंतीची पिशवी घेतलेली एक बाई, खाली प्लॅटफॉर्म, गाडी सुटायच्या आत पोचायचं आणि फुलं सांडू द्यायची नाहीत. (डिसेंबर २०२३ मध्ये दादरचे प्लॅटफॉर्म नंबर बदलले, सेंट्रलचे ८ ते १४ झाले, आईचा अजून गोंधळ होतो, म्हणून गेममध्ये मी मुद्दाम नवे नंबर टाकलेत.)

लॅपटॉप लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला सेकंडहँड, आय थ्री, ८ जीबी रॅम. त्यावर गोडो चालतं हेच मोठं कारण होतं ते निवडायचं. झिप शंभर एमबीच्या आतली होती, उघडली की थेट सुरू, इन्स्टॉलची भानगड नाही, आणि जुन्या ग्राफिक्सवाल्या मशीनवर प्रोजेक्ट बनवतानाच कम्पॅटिबिलिटी रेंडरर (चित्र काढायची हलकी पद्धत) निवडायचा, मग काही अडत नाही. अर्जेंटिनाच्या हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सूर यांनी बनवलेलं हे इंजिन २०१४ मध्ये ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला) झालं, लायसन्स एमआयटीचं, म्हणजे उद्या गेम विकला तरी इंजिनवाल्यांना एक रुपया द्यायचा नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी या दुसऱ्या गेम इंजिनने इन्स्टॉलमागे फी लावणार असं जाहीर केलं होतं, वर्षभराने ते मागेही घेतलं, पण मधल्या काळात बरेच लोक इकडे वळले. ब्रॅकीज हे गेम बनवायला शिकवणारं यूट्यूब चॅनल २०२० मध्ये थांबलं होतं, ते २०२४ मध्ये परत आलं ते गोडोचे व्हिडिओ घेऊनच.

आता व्हिडिओंबद्दल. पहिला व्हिडिओ निवडताना मी जी चूक केली ती तुम्ही करू नका. चॅनलचं नाव घेत नाही, शिकवणारा माणूस चांगलाच होता, पण व्हिडिओ गोडो ३ च्या काळातला आणि माझ्याकडे गोडो ४. त्याने मूव्ह अँड स्लाइड या पात्र हलवणाऱ्या फंक्शनच्या कंसात वेग आणि वरची दिशा लिहिली, मीही तसंच लिहिलं, आणि एरर आली की या फंक्शनला शून्य गोष्टी द्यायच्या आहेत, तुम्ही दोन दिल्यात. दोन रात्री मी स्पेलिंग तपासत बसले. खरी गोष्ट अशी की १ मार्च २०२३ ला गोडो ४ आलं तेव्हा हे सगळंच बदललं, वेग आता बाईच्या नोडमध्येच (गेमचा एकेक घटक म्हणजे नोड) असतो, म्हणून कंस रिकामा ठेवायचा. कायनेमॅटिक बॉडीचं कॅरेक्टर बॉडी झालं, यील्डचं अवेट झालं, एक्स्पोर्ट आणि ऑनरेडीच्या आधी ॲट द रेटचं चिन्ह लागायला लागलं, इन्स्टन्सचं इन्स्टँशिएट झालं. ज्याला आधीचं येतं त्याला हे अर्ध्या तासाचं काम आहे, पण नवख्याला वाटतं की आपल्यालाच काही कळत नाही, आणि माझ्यासारखी किती माणसं तिथेच सोडून देत असतील याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून व्हिडिओ लावायच्या आधी कुठलं व्हर्जन आहे ते बघा, आकडा ४ ने सुरू होत नसेल तर पुढे जा.

पैसे देऊन घेतलेला कोर्स सेलमध्ये ४९९ ला मिळाला. सफाईदार आहे, आवाज स्वच्छ, प्रत्येक धड्याची फाइल मिळते. माझी तक्रार एकच आहे पण ती मोठी आहे. शिकवणारा कधीच चुकत नाही. टाइप करतो, एफ फाइव्ह दाबतो, गेम चालतो. चुकला असेल तर ते एडिटमध्ये कापलेलं असणार, आणि नेमका तोच भाग मला हवा होता, की लाल अक्षरं दिसल्यावर हा माणूस आधी कुठे बघतो, कुठली ओळ वाचतो, कुठली सोडतो. अकरा धडे मी बघून बघून टाइप केले, सगळं चाललं, आणि बाराव्या दिवशी स्वतःच्या गेमची रिकामी फाइल उघडली तर पहिली ओळ काय लिहायची तेच सुचेना.

फुकटातलं जे मिळालं ते मला उलट जास्त उपयोगी पडलं. जीडीक्वेस्ट या गोडो शिकवणाऱ्या टीमचं लर्न जीडीस्क्रिप्ट फ्रॉम झीरो (जीडीस्क्रिप्ट ही गोडोची स्वतःची भाषा) हे ब्राउझरमध्येच चालतं, छोटा धडा, लगेच छोटा सराव, उत्तर चुकलं तर तिथेच कळतं. ज्याने आयुष्यात कोड लिहिला नाही त्याने इथूनच सुरुवात करावी. त्यानंतर गोडोच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमधला पहिला टूडी गेम, तो वाचायचा आहे, बघायचा नाही, आणि वाचताना आपोआप आपला वेग सावकाश होतो हा त्याचा फायदाच आहे. शिवाय एडिटरमध्ये कुठल्याही फंक्शनवर कंट्रोल धरून क्लिक केलं की त्याची माहिती तिथल्या तिथे उघडते, नेट नसलं तरी.

व्हिडिओ बघायची माझी पद्धत नंतर बदलली. सकाळी स्लो लोकलमध्ये लेडीज डब्यात उभ्याने, लॅपटॉप नसताना, एक व्हिडिओ नुसता बघायचा. टाइप करता येत नाही म्हणून लक्ष फक्त तो असं का करतोय याकडे जातं. रात्री घरी व्हिडिओ न लावता तेच लिहायचं. अडलं तरच परत उघडायचा. सिग्नल हा प्रकार मला असाच गाडीत कळला. व्हिडिओत तो बटण, एमिट, कनेक्ट असं बोलत होता, आणि तेवढ्यात स्टेशनवर अनाउन्समेंट झाली, आणि एकदम लख्ख झालं की सिग्नल म्हणजे ही अनाउन्समेंटच की. सांगणारीला माहीत नसतं कोण ऐकतंय, ज्याला ती गाडी पकडायची तो धावतो, बाकीचे जागचे हलत नाहीत. माझ्या गेममध्ये आता गाडी फक्त ‘मी आले’ एवढं सांगते, बाई, इंडिकेटर आणि आवाज आपापलं बघून घेतात.

आता डिबगर, ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं.

गेममध्ये दर चार सेकंदांनी एक गाडी यायची. पहिली दोन मिनिटं मस्त, मग हळूहळू सगळं जड व्हायला लागायचं, पाच मिनिटांनी बाई अडखळत चालायची. मी धरून चालले की लॅपटॉपच जुना आहे, बिचाऱ्याला किती ताणणार. मग गेम चालू असताना डावीकडे सीनच्या पॅनलवर लोकल आणि रिमोट अशी दोन बटणं दिसतात त्यातलं रिमोट दाबलं. तिथे चालू गेमच्या आत त्या क्षणी काय काय आहे ते सगळं दिसतं. आणि मला दिसल्या गाड्या. गाडीखाली गाडी, स्क्रोल करत गेले तरी संपेनात, ७५ गाड्या. स्क्रीनच्या बाहेर गेलेली एकही गाडी गेलीच नव्हती, सगळ्या बाहेर उजवीकडे कायमच्या धावत होत्या. मॉनिटर्सच्या टॅबमध्ये ऑब्जेक्ट काउंटची रेघ जिन्यासारखी वर चढत होती. कुठल्याही व्हिडिओत मला हे कोणी दाखवलं नव्हतं, कारण व्हिडिओतला गेम वीस सेकंदच चालतो.

उपाय सोपा, गाडी बाहेर गेली की क्यू फ्री, म्हणजे ती मेमरीतून काढून टाकायची. केलं. गेम हलका झाला. आणि दुसऱ्या दिवशी भाची खेळायला बसली आणि तिसऱ्या गाडीला गेम थांबला. ‘मावशी, लाल लाल काहीतरी आलंय’ म्हणून तिने हाक मारली. एरर होती की पोझिशन मागताय पण ज्याची मागताय ते ‘प्रिव्हियसली फ्रीड’ आहे. आधी मी असली एरर आली की ओळ पुसून दुसरं काहीतरी लिहायचे. या वेळी तसं केलं नाही. त्या ओळीच्या डावीकडे क्लिक करून लाल ठिपका ठेवला, परत चालवलं, गेम तिथे येऊन थांबला, खाली डिबगरमध्ये त्या क्षणाला प्रत्येक व्हेरिएबलमध्ये (नाव दिलेला डबा, त्यात किंमत ठेवतात) काय आहे त्याची यादी. एफ टेनने एकेक ओळ पुढे. पहिल्या गाडीला बाईच्या ‘माझी गाडी’ या व्हेरिएबलमध्ये गाडी होती. थांबण्याची अट मला तिसऱ्या गाडीलाच हवी होती, म्हणून मोजणी तीन झाली का असं इफ लिहून त्याच्या खाली नुसता ब्रेकपॉइंट हा शब्द लिहिला, तेही चालतं. तिसऱ्याला बघितलं तर त्याच व्हेरिएबलमध्ये ‘फ्रीड ऑब्जेक्ट’. म्हणजे गाडी गेली, पण बाई अजून तिलाच धरून बसलेली, आणि तिला विचारतेय तू कुठे आहेस.

मी दहा मिनिटं नुसती बघत बसले. रेफरन्स (व्हेरिएबलमध्ये वस्तू नसते, तिच्याकडे दाखवणारं बोट असतं) म्हणजे काय हे चार व्हिडिओंत ऐकलं होतं, पाठही झालं होतं, पण कळलं त्या रात्री. मग इज इन्स्टन्स व्हॅलिडने गाडी अजून आहे का असं आधी विचारून बघितलं, ते चाललं, पण नंतर नीट केलं, गाडी जाताना सिग्नल देते आणि बाई आपलं व्हेरिएबल रिकामं करते.

बाकीचीही एक-दोन हत्यारं सांगते. डिबग मेनूत व्हिजिबल कोलिजन शेप्स आहे, कोण कुठे आदळतं त्या चौकटी त्याने दिसतात, ते कायम चालू ठेवा. भाची म्हणाली ‘मावशी, ही बाई हवेत चालतेय’, आणि ते चालू केल्यावर बाईचा निळसर चौकोन जिन्याच्या ४० पिक्सेल वर तरंगताना दिसला, एका मिनिटात काम झालं. प्रोफायलर (कुठल्या कोडला किती वेळ लागतो ते दाखवणारा) मात्र आपणहून सुरू होत नाही, स्टार्ट दाबावं लागतं, मला वाटलं तो बिघडलाय. आणि व्हेरिएबलपुढे प्रकार लिहायची सवय लावा, फ्लोट आहे की नोड, कितीतरी चुका गेम चालवायच्या आधीच एडिटर दाखवतो.

एक गोष्ट डिबगरलाही नाही सापडली. ठाण्याला मामेभावाकडे त्याच्या १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर गेम लावला तर बाई सुसाट. एरर काहीच नाही. मी प्रोसेसमध्ये (दर फ्रेमला चालणारं फंक्शन) दर फ्रेमला ५ पिक्सेल पुढे असं लिहिलं होतं, माझ्याकडे सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे ३००, त्याच्याकडे ७२०. वेगाला डेल्टाने (मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळाने) गुणायचं हे प्रत्येक व्हिडिओत सांगतात आणि मीही ऐकलेलं होतं, पण माझ्याकडे न गुणताही चालत होतं ना. त्यामुळे गेम दुसऱ्याच्या मशीनवर लवकर लावून बघा, सात महिन्यांनी नाही, सातव्या दिवशी.

रेटिंग द्यायचंच तर कोर्सला पाचपैकी अडीच, फुकट व्हिडिओंना साडेतीन (व्हर्जन बघून निवडलेत तर चार), जीडीक्वेस्टच्या त्या ब्राउझरवाल्याला साडेचार, आणि डिबगरला पूर्ण पाच. ४९९ परत मिळाले असते तर मी त्यात लॅपटॉपसाठी चांगला माउस घेतला असता.

सध्या गेम अँड्रॉइडवर टाकायचं चालू आहे, फोन वायरने जोडला की लॅपटॉपवरच्या डिबगरमध्ये फोनमधल्या एरर दिसतात. काल रात्री फोनवर इंडिकेटर रिकामा दिसत होता. भाचीने माझ्या आधी लॅपटॉप ओढून घेतला, स्क्रिप्ट उघडली, आणि ‘मावशी थांब, ठिपका मी ठेवते’ म्हणाली. ठेवला तो चुकीच्या ओळीवर, पण दोन ओळी खाली सरकवल्यावर सापडलं.